चौदा भोकांची भिंत

महाड, १७ एप्रिल १९८५

चि. काशीराम,

'चि.' लिहू की 'श्री.' लिहू, यावर पाच मिनिटं पेन हातात धरून बसले होते. अडतीस वर्षांचा माणूस, मुंबईच्या बांधकाम कंपनीत डेप्युटी मॅनेजर, हाताखाली साठ माणसं. पण मी तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे आणि मरेपर्यंत राहणार, तेव्हा 'चि.'च बरं.

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर मिळालं. घरच्या पत्त्यावर का घातलं नाहीस ते विचारत नाही. बाबा दिवसभर दारात बसलेले असतात आणि पोस्टमन टपाल त्यांच्याच हातात देतो. त्यांना वाचता येत नाही, पण तुझं अक्षर ते लांबून ओळखतात.

शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत सोबत आहे. आमचे हेडक्लार्क रामजीभाऊ रजिस्टर शोधता शोधता म्हणाले, "बाई, अडतिसाव्या वर्षी कुठल्या वर्गात बसणार हा?" मी म्हटलं, "साहेबांना साहेबी शिकवतात त्या वर्गात." मग मात्र सगळ्या स्टाफरूमला सांगत सुटले की माझा भाऊ दिवसा नोकरी करून संध्याकाळी मॅनेजमेंट शिकणार आहे, तीन वर्षांचा कोर्स, चाळीस जागा आणि अर्ज नऊशे. अजून नुसता अर्ज आहे हे सांगायचं राहूनच गेलं. राहू दे.

तू विचारलंस, "ताई, खरं सांग, मला कितपत आशा आहे?" माझी बंद पाकिटं तुझ्या अजून लक्षात आहेत हे पाहून बरं वाटलं. दरवर्षी मार्चमध्ये दहावीची परीक्षा झाली की मी वर्गातल्या एकेका मुलाचे गुण अंदाजाने लिहिते, पाकीट चिकटवते, हेडमास्तरांच्या कपाटात ठेवते आणि निकालाच्या दिवशी सगळ्यांसमोर फोडते. अकरा वर्षं झाली. मागच्या वर्षी त्रेचाळीस मुलांपैकी एक्केचाळीस जणांचा अंदाज पाच गुणांच्या आत उतरला. उरलेले दोघे आजारी होते. तेव्हा माझा शब्द हवा असेल तर नुसत्या पत्रावर मी तो देत नाही. अर्ज पाठवायच्या आधी त्याची पूर्ण नक्कल मला पाठव, शेवटच्या पानासकट.

"बाबांना कळू देऊ नकोस," असं लिहिलं आहेस. नाही कळू दिलं. ते बरे आहेत. चौदा तारखेला जयंतीच्या मिरवणुकीत शेवटपर्यंत चालले. बाकी त्यांचं त्यांचं काम चालू असतं.

तुझी,
ताई


महाड, ५ मे १९८५

चि. काशीराम,

अर्जाची नक्कल मिळाली. दोन दिवस माझ्या टेबलावर होती. आता वर्गातल्या मुलाचा पेपर तपासावा तसा तुला तपासते.

गणित आणि तर्क. इथे तुला कोणी हात लावू शकत नाही. पाढे म्हणताना तू मला मागे टाकायचास आणि वर वेडावून दाखवायचास.

इंग्रजी लिहिणं. ठीक. वाक्यं लांबवतोस. सरकारी नोकरीची सवय गेलेली नाही.

गटचर्चा. आठ उमेदवार टेबलाभोवती बसवून बोलायला लावतात असं माहितीपत्रकात आहे. इथे मला धास्ती वाटते. तू पहिला बोलणार नाहीस आणि दुसराही नाहीस. पण सगळ्यांचं बोलून झाल्यावर तू एक वाक्य टाकतोस आणि ते कामाचं असतं. परीक्षक तेवढा वेळ थांबणारे असले तर निभावेल.

अनुभव. पंधरा वर्षं. कराडची इंजिनीअरची पदवी, सेकंड क्लास, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्या वाडीतला पहिला इंजिनीअर तू. अर्जात ते लिहायला रकाना नाही, पण मी वाचताना मनात घालून वाचलं. रस्त्यावरच्या मुकादमाचा मुलगा मुलाखतीला बसणार, मग समोर कोणी का असेना, मला ते चित्रच एवढं आवडतं की तपासताना हात सैल सुटतो. म्हणून दोनदा तपासलं.

इथपर्यंत पाहिलं तर शंभरात साठ आशा आहे. नोकरी करून शिकणाऱ्यांत बहुतेक जण कागद हलवणारे असणार. तू डोंगर हलवलेला माणूस आहेस.

आता शेवटचं पान. 'तुमच्या कामातल्या एका अपयशाचं वर्णन करा.' तू आंबेनळी घाटातली भिंत लिहिलीस. शहात्तर सालच्या जुलैत पडली ती. आणि कारण लिहिलंस, 'स्थानिक मुकादमाच्या हलगर्जीपणामुळे भिंतीतली पाणी जायची भोकं बुजली.'

स्थानिक मुकादम. काशीराम, त्या माणसाला नाव आहे. भिकाजी. माझ्यासमोर बसून ते आत्ता तांदूळ निवडताहेत.

त्या वेळी तू घाटाचा इंजिनीअर होतास आणि आपले बाबा तुझ्याच हाताखाली मुकादम. कामावर ते तुला 'सायेब' म्हणायचे, तू त्यांना 'मुकादम', आणि घरी आलात की 'काशा' आणि 'बाबा'. घाटातलं बोलणं घाटात, असा त्यांनी घातलेला नियम. साऱ्या तालुक्याला त्या नियमाचं कौतुक होतं आणि मलाही होतं. भोकांत सिमेंट गेलंय हे त्यांनी तुला कामावर तीनदा सांगितलं. वरचे साहेब पाहणीला यायचे होते, तुला भिंत गुळगुळीत करून दाखवायची होती. तिसऱ्या वेळी तू सगळ्या टोळीसमोर म्हणालास, "मुकादम, तुमचं काम तुम्ही बघा." संध्याकाळी तुम्ही दोघं एका ताटाशी बसलात आणि बाबा एक अक्षर बोलले नाहीत. मी वाढत होते, मला आठवतं. नियम म्हणजे नियम. पंधरा दिवसांनी मागे पाणी तुंबून भिंत खाली आणि घाट अकरा दिवस बंद. कुणाचा जीव गेला नाही हे नशीब.

ते उत्तर तसंच ठेवलंस तर कदाचित चालून जाईल. परीक्षकांना कुठे ठाऊक आहे? पण मला ठाऊक आहे. बदल ते. अर्जाची मुदत वीस तारखेपर्यंत आहे.

ताई


महाड, १३ मे १९८५

चि. काशीराम,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, तोफगोळाच. "बाबांनी चौकशीत माझ्याविरुद्ध लेखी जबाब दिला तेव्हा कुठे होतीस तू? पोटच्या मुलाला बुडवताना त्यांचा हात कापला नाही, मग मी एक ओळ लिहिली तर एवढं काय?"

तेव्हा मी कुठे होते, असं तू विचारलंस. सांगते. नऊ वर्षांत हे कोणाला सांगितलेलं नाही. मुलांना दर शनिवारी खरं बोलण्यावर व्याख्यान देते आणि घरी येऊन हे गिळून बसते.

तो जबाब मी लिहिला.

बाबांना सही येते, लिहिता येत नाही. चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी ते कोरा कागद घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "नीला, लिव. भोकं बुजली ती माज्या हातनं. सायबांनी मला बजावलं व्हतं, मीच इसरलो. सायबांचा काय दोष नाय." शब्दन् शब्द मला पाठ आहे.

मी मान हलवली आणि दुसरंच लिहिलं. लिहिलं की मुकादमाने तीन वेळा सांगूनही इंजिनीअर साहेबांनी ऐकलं नाही. सगळं खरं. त्यांना वाचून दाखवलं नाही. त्यांनी विश्वासाने खाली सही केली. सही करायला त्यांना किती वेळ लागतो ते तुला ठाऊकच आहे, तेवढा वेळ मी कागद घट्ट धरून उभी होते.

का केलं? तू त्यांना टोळीसमोर बोललास म्हणून मी तापले होते. आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली असताना या माणसाच्या नावावर डाग लागावा हे मला सोसवलं नाही. मोठा अभिमान होता मला खरेपणाचा. त्या अभिमानापायी मी बापाला न विचारता बापाच्या तोंडी शब्द घातले.

चौकशीत साहेबांनी तो जबाब मोठ्याने वाचला. तू तिथेच होतास. वाचून झाल्यावर विचारलं, "मुकादम, हे तुमचंच म्हणणं ना?" बाबांनी तेव्हा नाही म्हटलं असतं तर खोटा जबाब लिहिला म्हणून माझी शाळेतली नोकरी गेली असती. म्हणून ते म्हणाले, "व्हय, माजंच हाय." तू ऐकलंस ते एवढंच. तुझ्यावर ठपका आला, बदली झाली, तू राजीनामा टाकून मुंबईला गेलास, आणि तेव्हापासून या उंबऱ्याला तुझा पाय लागला नाही.

चौकशीहून बाबा घरी आले तेव्हा मी चुलीपाशी होते. म्हणाले, "वाचून दावलानी त्यांनी. मी व्हय म्हटलं." पुढे आजतागायत त्यावर एक शब्द नाही.

राग धरायचा तर माझ्यावर धर. त्यांच्यावरचा काढून घे. आणि त्या पानावर काय लिहायचं ते तुझं तू ठरव, मी यापुढे सांगणार नाही. दुसऱ्याच्या नावाने लिहिणं मला महागात पडलंय.

ताई


महाड, २ जून १९८५

चि. काशीराम,

वीस दिवस झाले, तुझं उत्तर नाही. अर्ज दिलास की नाही, दिलास तर कोणतं पान लावून, काही कळायला मार्ग नाही. तरी लिहिते, कारण गप्प बसण्याचा आपल्या घराला पुरेसा अनुभव झाला आहे.

बाबांना सगळं सांगितलं. तुझा अर्ज आणि मी तुला काय कबूल केलं ते. तू सांगू नको म्हणाला होतास, पण मोडलं वचन. अर्जाचं ऐकून त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, दुसरं त्यांना ऐकूच आलं नाही. पण आलं होतं. म्हणाले, "तू कशाला सांगितलंस गो? माज्यावर राग व्हता तो बरा व्हता. मी पिकलं पान. तुला त्याच्यासंगं जलम काढायचा हाय."

नऊ वर्षं मुलाचा राग त्यांनी स्वतःपाशी ठेवून घेतला होता, तो माझ्याकडे वळू नये म्हणून. मी शाळेत जगाला शिकवते!

आता त्यांचं 'त्यांचं काम' काय ते सांगते, मागे टाळलं होतं. पावसाळा तोंडावर आला की बाबा पहार घेऊन सकाळच्या महाबळेश्वर एसटीत बसतात आणि घाटात त्या भिंतीपाशी उतरतात. कंडक्टर न सांगता घंटी मारतो. तिथे ते भिंतीतल्या भोकांतली माती, पाला, मुळ्या उकरून काढतात आणि दुपारच्या गाडीने परत येतात. निवृत्त होऊन सात वर्षं झाली. कोणी सांगितलेलं नाही. मी रागावले तर म्हणतात, "सरकारचा गँगमन करंल, पन त्याला काय त्या भिताडाची आठवण नाय."

आणखी एक. काल मी तुझं पाकीट केलं. अंदाज एका ओळीत लिहिला, चिकटवलं आणि हेडमास्तरांच्या कपाटाऐवजी बाबांकडे ठेवायला दिलं. त्यांच्याइतका सुरक्षित माणूस नाही, फोडलं तरी वाचता येणार नाही. ते त्यांनी पहाऱ्यावर असल्यासारखं बाबासाहेबांच्या फोटोच्या मागे ठेवलं आहे आणि रोज सकाळी आहे ना ते पाहतात.

ताई


महाड, २९ जून १९८५

चि. काशीराम,

घरच्या पत्त्यावर पत्र घातलंस! पोस्टमनने बाबांच्या हातात दिलं आणि बाबा ते घेऊन भर वर्गाच्या दारात आले. मी नववीला भूमिती शिकवत होते. "नीला, काशाचं हाय," एवढंच म्हणाले. मुलांना पाच मिनिटं सुट्टी दिली. तेवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

व्हरांड्यात उभी राहून त्यांना वाचून दाखवलं. लेखी परीक्षेत पहिल्या शंभरात आलास, गटचर्चेत सगळ्यांत शेवटी बोललास (सांगितलं नव्हतं मी?) आणि मग मुलाखत. तीन परीक्षक. शेवटचं पान त्यांच्यासमोर, आणि त्यावर तू लिहिलेलं नवं उत्तर. मधल्या गृहस्थांनी विचारलं, चूक कोणाची? तू म्हणालास, माझी. मुकादमाने तीनदा सांगितलं होतं. मग त्यांनी विचारलं, अनुभवी माणूस तीनदा सांगतोय तर ऐकलं का नाहीत? आणि तू म्हणालास, "कारण ते माझे वडील होते. टोळीसमोर वडिलांचं ऐकलं तर मला कोणी साहेब म्हणणार नाही असं वाटलं." तिसऱ्या परीक्षक बाई होत्या, त्यांनी विचारलं, ते आता कुठे असतात? तू म्हणालास, "महाडला. नऊ वर्षं भेटलो नाही. माझ्या कामातलं अपयश भिंतीचं नाही, हे आहे." मग त्यांनी तुला जायला सांगितलं. तू लिहितोस, "ताई, गेली जागा. पण झोप चांगली लागली."

बाबा खांबाला टेकून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "हे समदं इंग्रजीत सांगितलान?" मी म्हटलं, "हो, सगळं इंग्रजीत." "तीन सायबांसमोर?" "तीन साहेबांसमोर." त्यांनी टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, "मंग बरोबर हाय. जागा देवोत नायतर न देवोत." आणि बाजारातून जाताना भेटेल त्याला थांबवून सांगत गेले. संध्याकाळी मला मच्छी बाजारात सुंदराबाईने विचारलं, "मास्तरीणबाई, तुमचा भाव इंग्रजीत भांडला म्हनं?"

काशीराम, लहानपणी मी तुझ्याशी गणितात हरले तेव्हा रडले होते. आज हरले आणि मला मिरवावंसं वाटतंय. खरं बोलायचं माझं व्याख्यान तेवीस वर्षांचं, पण किंमत मोजून खरं बोललास तू.

तुझी,
ताई


महाड, ११ जुलै १९८५

चि. काशीराम,

तुझी तार काल दुपारी आली. 'प्रवेश मिळाला.' दोन शब्द. तारेत शब्दांची काटकसर करावी, पण इतकी?

मी पाकीट बाबांकडून घेतलं आणि थेट स्टाफरूममध्ये नेलं. हेडमास्तर, रामजीभाऊ, सगळे जमले. माझ्या हाताने फोडलं आणि मोठ्याने वाचलं. आत लिहिलं होतं : 'काशीराम खरं सांगेल. प्रवेश मिळणार नाही.'

अकरा वर्षांत माझा अंदाज इतका सपशेल कधी चुकला नव्हता. रामजीभाऊ म्हणाले, "बाई, पाकीट फुकट गेलं." मी म्हटलं, "अर्धी ओळ बरोबर आहे, आणि ती माझ्या भावाबद्दलची आहे. परीक्षकांना मी ओळखत नव्हते." मग माझ्या चुकलेल्या अंदाजाचे पेढे मीच वाटले. माझी माहिती एवढीच होती की पडलेल्या भिंतीचा इंजिनीअर कोणी घेत नाही. घेतात म्हणायचे.

आज सकाळी बाबा कोरा कागद घेऊन आले. नऊ वर्षांनी. म्हणाले, "नीला, लिव." मी म्हटलं, "सांगाल तेच लिहीन." म्हणाले, "ठाव हाय." पुढचं त्यांचं आहे, काना-मात्रा माझी नाही.

काशा, आशीर्वाद. जागा मिळाली, बेस झालं. दिवसाची नोकरी आनि सांजची शाळा म्हंजी हाल हायत. खाऊन जात जा, उपाशी डोक्यात काय शिरत नाय.

तू गेल्यावर भिताड परत बांधलं. मी उभा व्हतो. नवीन सायेब आलते, ते म्हनले, मुकादम, येवडी भोकं कशाला? मी बोललो, चौदा पायजेत, आमच्या सायबांनी सांगून ठेवलंय. ते म्हनले, कोन सायेब? मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी वहीत लिवून घेतलं. तवा ती भोकं तुझ्या नावावर हायत.

भिताड बगायला उन्हाळ्यात येऊ नको, काय दिसत नाय. पावसात ये. चौदाच्या चौदा वाहत्यात. मला आता वाकवत नाय. वरची नऊ मी साफ केली. खालची पाच तुझी ऱ्हायलीत. पहार हाय घरात, आनू नको.

तुझा बाप, भिकाजी.

एवढं लिहून झाल्यावर मी कागद त्यांच्यासमोर धरला आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग मी विचारलं, "बाबा, हे तुमचंच म्हणणं ना?"

"व्हय," म्हणाले, "माजंच हाय." आणि सही करायला पेन मागून घेतलं.